बटण बंद, तरी सिग्नल चालू!

मित्रांनो, या आठवड्याचं पान एका पत्रानं सुरू करू या. पत्र आलंय बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीहून. हो, तीच धर्मापुरी, जिथे जुना किल्ला आहे आणि केदारेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे. पत्र लिहिणारा नववीत शिकतो. ‘नाव छापू नका, आधीच घरी बोलणी खातोय’ असं त्यानं शेवटी लिहिलंय, म्हणून नाव देत नाही.

त्याचं गाऱ्हाणं असं. घरी एक जुना, पेटीसारखा टीव्ही आहे. मागे अँटेनाची वायर खुपसायला एकच भोक. एका बाजूला डिशचा सेट-टॉप बॉक्स, दुसऱ्या बाजूला व्हिडिओ गेमचा डबा. दोन्हींच्या वायरी एका छोट्या प्लॅस्टिकच्या स्विचला जोडल्यात आणि तिथून एक वायर टीव्हीला गेलीय. बटण इकडे केलं की डिश, तिकडे केलं की गेम. पण गेम लावला की मोटारगाडीच्या मागे बातम्या देणाऱ्या बाई भुतासारख्या पुसट दिसतात! यानं स्विच उघडला, पट्ट्या पुसल्या, परत लावला. भूत जसंच्या तसं. आता घरातले म्हणतात, ‘तू उघडलास म्हणूनच बिघडला.’ तो विचारतो, ‘बटण बंद केल्यावर आतल्या दोन पट्ट्यांमध्ये चांगली एक मिलिमीटरची फट दिसते. मी भिंग लावून पाहिलं. मग सिग्नल जातो कुठून?’

उत्तर एका शब्दात देतो. फटीतूनच! आणि त्याच्या आई-बाबांना आधीच सांगून टाकतो, की पोरानं काहीही बिघडवलेलं नाही. स्विच पहिल्या दिवसापासून असाच गळत असणार. उघडून भिंग लावून पाहिलं हे तर उत्तमच केलं.

आता हे फटीतून जाणं काय भानगड आहे ते पाहू. बंद केलेलं बटण म्हणजे काय? समोरासमोर दोन धातूच्या पट्ट्या आणि मध्ये हवा. तुमच्या घरी बारावीत शिकणारी ताई असेल तर तिला विचारा, ‘समोरासमोर दोन धातूचे पत्रे आणि मध्ये हवा, याला काय म्हणतात?’ ती पटकन म्हणेल, ‘कपॅसिटर!’ झालं. आपण ज्याला बंद बटण समजतो, तो खरं तर एक चिमुकला कपॅसिटर आहे.

बॅटरीची वीज एकाच दिशेनं वाहते. ती कपॅसिटरपाशी आली की थांबते. पण सिग्नल म्हणजे मागे-पुढे, मागे-पुढे हिंदकळणारी वीज. एका पट्टीवर भार वाढला की समोरच्या पट्टीवरचा भार ढकलला जातो. कमी झाला की ओढला जातो. ढोलकीच्या एका तोंडावर थाप मारा, दुसऱ्या तोंडाचं कातडं थरथरतं ना? हात काही आरपार जात नाही. तसंच इथे एकही इलेक्ट्रॉन फट ओलांडत नाही, पण थरथर पलीकडे पोचते.

तुम्ही म्हणाल, ‘मग आमच्या खोलीतला दिवा बटण बंद केल्यावर कसा विझतो? तिथेही फटच आहे, आणि घरातली वीजसुद्धा हिंदकळणारीच आहे.’ शाबास! इथेच खरी गंमत आहे. अशा स्वस्त स्विचच्या पट्ट्या, त्यांचे पाय आणि शेजारून जाणाऱ्या तारा मिळून कपॅसिटर होतो साधारण १ पिकोफॅरडचा, म्हणजे फारच लहान. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हिंदकळते. तिला या कपॅसिटरचा अडथळा वाटतो सुमारे ३१८ कोटी ओहम! एवढा डोंगर ओलांडून दिवा कसला लागतो? पण थरथर जितकी जलद, तितका अडथळा कमी. गेमच्या डब्यातून निघणारा सिग्नल असतो सुमारे ६० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६ कोटी हेलकावे. ५० च्या १२ लाख पट. म्हणून अडथळाही १२ लाख पटींनी घटून उरतो अवघा २,६५० ओहम. आणि १,००० मेगाहर्ट्झला? फक्त १६० ओहम. टीव्हीची वायर असते ७५ ओहमची. म्हणजे डोंगराचा झाला उंबरठा.

मी कागदावर हिशेब करून पाहिला. एक पिकोफॅरडचं ‘बंद’ बटण ६० मेगाहर्ट्झला जवळजवळ तीनशेवा भाग शक्ती पलीकडे जाऊ देतं. हे थोडं वाटतं, पण डोळा मोठा चहाटळ असतो, त्याला तेवढंही भूत दिसतं. १,००० मेगाहर्ट्झला तर तेच बटण बंद असताना निम्म्याच्या आसपास शक्ती सोडतं! असं बटण लावलं काय आणि नाही लावलं काय, सारखंच.

(मोठ्यांसाठी एक ओळ. दुकानात मिळणाऱ्या चांगल्या स्विचच्या कागदावर ‘आयसोलेशन’ म्हणून डेसिबलचा आकडा असतो. १० डेसिबल म्हणजे दहावा भाग गळतो, २० म्हणजे शंभरावा, ६० म्हणजे दहा लाखावा. आकडा मोठा, गळती कमी. पण तो आकडा कोणत्या मेगाहर्ट्झला मोजलाय हे लिहिलं नसेल, तर त्याला काडीची किंमत देऊ नका.)

मग उपाय काय? पहिल्यांदा सुचतं ते हे, की एकापुढे एक दोन बटणं लावावीत. एकातून गळलं तर दुसरं अडवेल. हिशेब सांगतो की १,००० मेगाहर्ट्झला दोन बटणं लावूनही पाचवा-सहावा भाग जातोच. कष्ट दुप्पट, फायदा बेताचा.

इथे धर्मापुरीच्या शिवारातली अक्कल कामाला येते. शेतात दारं धरताना तुम्ही पाहिलं असेल. पाटाचं पाणी एका सरीला दिलं की दुसऱ्या सरीचं दार मातीनं बुजवायचं. पण ओल्या मातीच्या दारातून पाणी झिरपतंच. त्यापुढे आणखी एक मातीचं दार केलं, तरी दोघांच्या मध्ये पाणी साचतं आणि साचलेलं पाणी पुढच्या दारावर रेटा देतं. हुशार शेतकरी काय करील? दोन दारांच्या मध्ये बांधाला एक चर पाडील आणि झिरपलेलं पाणी सरळ ओढ्याला लावून देईल. पुढच्या दारापाशी रेटाच उरला नाही, तर झिरपणार काय, कपाळ?

इलेक्ट्रॉनिक्सवाले अगदी हेच करतात. ओढ्याच्या जागी असतो अर्थ, म्हणजे सर्किटचा जमिनीसारखा मोठा तांब्याचा पत्रा. दोन बटणं एकापुढे एक, आणि मधल्या तुकड्याला अर्थशी जोडणारं तिसरं बटण. पहिली दोन बंद झाली की तिसरं आपोआप चालू. गळून आलेला सिग्नल मध्येच अर्थमध्ये जिरतो. पुन्हा हिशेब करू. हे तिसरं बटण समजा ५ ओहमचं आहे. मघाशी दोन बटणांतून १,००० मेगाहर्ट्झला पाचवा-सहावा भाग जात होता. आता जातो सुमारे अठराशेवा भाग! चर पाडल्यावर तीनशे पट फरक पडला.

पण थांबा. हा चर आखूड हवा. सरळ तारेचा तुकडासुद्धा जलद सिग्नलला थोडा अडवतो. कारण प्रत्येक तार ही जराशी गुंडाळीसारखी, कॉइलसारखी वागते. एक सेंटिमीटर तार १,००० मेगाहर्ट्झला जवळजवळ ६० ओहमचा अडथळा करते. म्हणजे अर्थला जोडायला तुम्ही नुसती एक सेंटिमीटर लांब तार वापरलीत, तर त्या पाच ओहमच्या बटणावर पाणी पडलं! म्हणून चांगल्या पट्टीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, अर्थला जोडणारी बारीक भोकं शेजारी-शेजारी टाके घातल्यासारखी पाडलेली असतात. जुना बिघडलेला सेट-टॉप बॉक्स भंगारात देण्याआधी कुणा मोठ्याकडून उघडून घ्या आणि डिशची वायर लागते त्या भागाजवळ ती भोकं मोजा.

तिथेच आणखी एक गोष्ट दिसेल. डिशची वायर येते तो भाग एका पत्र्याच्या डबीत बंद केलेला असतो आणि कधी कधी डबीच्या आतही पत्र्याच्या भिंती असतात. पोळ्यांचा, भाजीचा आणि लोणच्याचा कप्पा वेगळा असलेला जेवणाचा डबाच म्हणा ना! लोणच्याचं तेल पोळीला लागू नये म्हणून भिंत, तसं एका सिग्नलचं तेल दुसऱ्याला लागू नये म्हणून पत्रा. कारण सिग्नल फक्त तारेतून पळत नाही. हवेतूनही उडी मारतो.

आता एक प्रयोग करा. मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. बहुतेक वेळा तो आतून वाजेल. आता तोच मोबाईल पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियमच्या कागदात दोन-तीन पदरी, कुठेही फट न ठेवता गुंडाळा. आता बहुधा वाजणार नाही. स्टीलचा डबा जाड, कागद पातळ, तरी असं का? झाकणाच्या कडेला गोल फिरलेली केसाएवढी फट असते ना, ती दगा देते. फट किती रुंद आहे याला फारसं महत्त्व नाही, ती किती लांब आहे याला आहे. १,८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर. त्याच्या निम्मी लांब फट असली की ती खिडकीसारखीच उघडी! म्हणून अशा पत्र्याच्या डब्यांना जवळजवळ स्क्रू लावतात. लांब फटीचे आखूड तुकडे पाडण्याचीच ती युक्ती आहे. (सुटे भाग जोडताना ‘दोन स्क्रू उरले’ म्हणून फेकून देणाऱ्या काकांना हे जरूर वाचून दाखवा.)

पत्रा झाला, चर झाला, तरी एक वाट उरतेच. घराचं पुढचं दार बंद, मागचं बंद, तरी दुधावर मांजर आलीच! कुठून? मोरीतून. सर्किटची मोरी म्हणजे वीज पुरवणारी तार. आजकाल जलद सिग्नलचे स्विच पट्ट्यांचे नसतात, डायोडचे किंवा ट्रान्झिस्टरचे असतात. ते उघडायला-मिटायला एक हुकमाची तार लागते. ही तार सगळ्या स्विचना भेट देत फिरते आणि सिग्नल तिच्यावर बसून फुकट प्रवास करतो. त्याला अडवायला तारेच्या वाटेत छोटी कॉइल घालतात आणि कॉइलच्या तोंडाशी एक कपॅसिटर अर्थला जोडतात. कॉइल जलद सिग्नलला अडवते, कपॅसिटर त्याला अर्थकडे वळवतो. वीज मात्र आरामात पुढे जाते. गंमत बघा, ज्या कपॅसिटरनं मघाशी चोरी केली, तोच इथे पोलीस झाला.

धर्मापुरीच्या दोस्ता, तुझा टीव्ही मात्र कृपा करून उघडू नकोस. जुन्या काचेच्या टीव्हीत बंद केल्यावरही हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. तू एवढं कर. प्लॅस्टिकऐवजी पत्र्याच्या डबीतला स्विच आण. दोन्ही वायरी एकमेकींना वेणीसारख्या गुंडाळल्या असतील तर सोडवून लांब कर. वायरीच्या आतली तांब्याची जाळी पिनला सगळीकडून गोल लागलीय का पाहा, तिची शेपटी वळून एकाच जागी चिकटवलेली नको. आणि सगळ्यात सोपा, बिनखर्चाचा उपाय: गेम खेळताना सेट-टॉप बॉक्स मागच्या बटणानं सरळ बंद कर. विहिरीवरची मोटारच बंद असेल, तर दारं झिरपतील कशाला?

मोटार बंद करण्याचा उपाय प्रत्येक ठिकाणी चालत नाही. अशी एक जागा आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद नावाचं गाव आहे. तिथे जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींच्या कष्टांतून ती १९९० च्या दशकात उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या! त्यातल्या १४ मध्यभागी दाटीनं, बाकीच्या १६ तीन बाजूंना इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या, दूरवर थेट २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. त्यांना ऐकायचं असतं आकाशातल्या हायड्रोजनचं कुजबुजणं, १,४२० मेगाहर्ट्झच्या आसपासचं. शिवाय त्याहून कितीतरी संथ लहरीही.

हे कुजबुजणं किती क्षीण असतं? समजा चंद्रावर कुणी एक साधा मोबाईल चालू करून ठेवला. इथून तो आकाशातल्या अनेक दूरच्या आकाशगंगांपेक्षा लख्ख ‘दिसेल’. आता कळलं ना, खोडदला दुर्बिणीजवळ गेल्यावर मोबाईल बंद करायला का सांगतात? जागा निवडतानाही भोवतीच्या डोंगरांचा विचार होता. शहराचा गोंगाट अडवणारा तो फुकटचा पत्राच आहे!

प्रत्येक थाळीच्या तोंडाशी वेगवेगळ्या लहरींसाठी वेगवेगळे कान आहेत. कोणत्या कानाचं ऐकायचं ते एका डब्यातले स्विच ठरवतात. शिवाय प्रत्येक कानातून दोन सिग्नल निघतात, एकमेकांना काटकोनात किंवा उलट्या दिशेनं फिरणाऱ्या लहरींचे. दोघे जुळे भाऊ शेजारी-शेजारी प्रवास करतात. त्यांची अदलाबदल करणारा स्विचही तिथे आहे. इथे एकाचा सिग्नल दुसऱ्यात गळला तर? टीव्हीवर भूत दिसलं तर आपण हसतो. इथे आकाशात नसलेलं काहीतरी ‘सापडल्याचा’ भास होईल, आणि शास्त्रज्ञ त्यामागे महिनोन्महिने धावतील.

आणखी एक संकट. हे क्षीण सिग्नल पुष्कळ पटींनी मोठे करावे लागतात. मोठा झालेला सिग्नल पुन्हा सुरुवातीच्या तोंडाशी गळून आला तर काय होतं, ते तुम्ही स्नेहसंमेलनात ऐकलं आहे. माइक स्पीकरसमोर गेला की कानठळ्या बसवणारी ‘कुंईऽऽ’! सर्किटातही अशीच शिट्टी वाजते, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून तिथले डबे, पत्रे, कॉइल, सगळं मघाशी सांगितलं तसंच, पण फार काटेकोरपणे.

आणि एवढं करूनही जे थेंबभर गळेल त्याच्यासाठी? तिथे गणिताची एक सुंदर युक्ती योजण्याची सोय केलेली आहे. जोसेफ वॉल्श या अमेरिकन गणितज्ञानं १९२३ साली अधिक-उणे चिन्हांच्या काही ओळी मांडल्या होत्या. त्यांचा उपयोग असा होतो. वही-पेन्सिल घ्या.

दोन थाळ्या आहेत, अ आणि ब. अ चा सिग्नल निघतानाच ठरावीक क्रमानं उलटा-सुलटा करायचा: अधिक, अधिक, उणे, उणे. ब चा वेगळ्या क्रमानं: अधिक, उणे, अधिक, उणे. मध्यवर्ती इमारतीत पोचल्यावर ज्याची त्याची चिन्हं पुन्हा उलटवून मूळ सिग्नल सरळ करायचा. समजा वाटेत अ मधला ५ एवढा सिग्नल ब मध्ये गळला. तो कसा येईल? +५, +५, −५, −५. आता ब ची ओळ सरळ करताना त्याला ब च्या चिन्हांनी गुणलं जाईल: +५, −५, −५, +५. बेरीज करा. शून्य! ब चा स्वतःचा सिग्नल मात्र शाबूत, कारण त्याची चिन्हं दोनदा उलटून सरळ झाली. चोरानं चोरी केली, पण चोरलेली नाणी त्या गावात चालेनात.

ही युक्ती फक्त चिन्ह बदलल्यानंतरच्या गळतीला लागू पडते, बरं का. चिन्ह बदलणाऱ्या स्विचच्या आधीच गळलं, तर ते अंगचाच माल म्हणून पुढे जातं. म्हणून तो स्विच थाळीच्या तोंडाशी, कानाच्या होता होईल तितका जवळ बसवतात.

तीस थाळ्यांसाठी तीस वेगळ्या ओळी लागतात, आणि अट एकच: कोणत्याही दोन ओळींचा जागच्या जागी गुणाकार करून बेरीज केली की शून्य आलं पाहिजे. चार खणांच्या अशा चार ओळी बनतात. त्यातल्या दोन वर दिल्यात, तिसरी आहे चारही अधिकांची. चौथी तुम्ही शोधा. ती सापडली की आठ खणांच्या आठ ओळी करून पाहा. खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन भरवण्याची अनेक वर्षांची प्रथा आहे. शाळेची सहल तिकडे निघाली तर वही बरोबर असू द्या, आणि मोबाईल बंद.